साडेचारशे वेळा उभा राहिलेला माणूस

२६ फेब्रुवारी २०२३. लॉस एंजेलिसमध्ये स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्डचे पुरस्कार चालू होते. 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अ‍ॅट वन्स' या सिनेमाच्या सगळ्या कलाकारांना मिळून पुरस्कार जाहीर झाला, टीम स्टेजवर गेली आणि माइक एका म्हाताऱ्याच्या हातात आला. चारच दिवसांपूर्वी त्यानं चौऱ्याण्णव वर्षं पूर्ण केली होती. नाव जेम्स हाँग. त्यानं विनोद केले, लोक हसले. मग त्यानं १९३७ च्या 'द गुड अर्थ' या सिनेमाची आठवण काढली. त्यात चिनी शेतकरी दांपत्याची कामं गोऱ्या कलाकारांनी केली होती, डोळे चिकटपट्टीनं ओढून तिरके करून. तेव्हाच्या निर्मात्यांचं म्हणणं असायचं की आशियाई लोक तेवढे चांगले नट नाहीत आणि त्यांच्या नावावर तिकिटंही खपत नाहीत. आता आमच्याकडे बघा, असं तो म्हणाला आणि सभागृह उभं राहिलं.

त्या भाषणाचा तुकडा तुमच्याही फोनवर कधीतरी येऊन गेला असेल. खाली मजकूर ठरलेला: लेजंड. सत्तर वर्षांची कारकीर्द. साडेचारशेहून जास्त भूमिका. उशिरा का होईना, न्याय मिळाला. शेवटी रडणारा इमोजी.

मीही तो पाहिला, लाइक केला, दोघातिघांना पाठवला. नंतर मात्र मला त्या मजकुराचा राग यायला लागला आणि तो अजून गेलेला नाही. हा लेख त्या रागातून लिहितोय. माझं म्हणणं एवढंच आहे की साडेचारशे हा आकडा जेम्स हाँगचं कौतुक करायला वापरणं बंद करा. तो आकडा त्याच्या नावावर नव्हे, हॉलिवूडच्या नावावर लिहायला हवा, आणि जमेच्या बाजूला तर मुळीच नाही.

आधी माणूस

हाँगचा जन्म १९२९ चा, मिनिआपोलिसचा. म्हणजे तो 'चीनहून आलेला' वगैरे नाही. अमेरिकेत जन्मला, अमेरिकेत शिकला, कोरियन युद्धाच्या काळात अमेरिकन सैन्यात होता. मग त्यानं काय केलं? आपल्याकडची शहाणी मुलं करतात तेच. सिव्हिल इंजिनिअरिंग. साउथ कॅलिफोर्निया विद्यापीठाची पदवी घेतली आणि लॉस एंजेलिस काउंटीत रस्त्यांच्या खात्यात इंजिनिअर म्हणून लागला. सुट्ट्या आणि आजारपणाच्या रजा टाकून शूटिंगला जायचा. घरात 'नाटकाचं खूळ' असलेल्या प्रत्येक इंजिनिअरला ही गोष्ट ओळखीची वाटेल. फरक एवढाच की त्यानं खरंच नोकरी सोडली.

ग्राउचो मार्क्सच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात नकला करून तो लोकांच्या डोळ्यांत भरला. १९५६ मध्ये जपानी 'गॉडझिला' अमेरिकेत नव्यानं जुळवून दाखवला गेला, तेव्हा त्यातल्या पात्रांना इंग्रजी आवाज देणाऱ्यांत तो होता. चेहरे दुसऱ्यांचे, आवाज याचा. १९५७ मध्ये त्याला टीव्ही मालिकेत नियमित काम मिळालं, 'द न्यू अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ चार्ली चॅन'मध्ये. चार्ली चॅन हा चिनी गुप्तहेर. हाँगनं केला त्याचा मुलगा, बॅरी. आणि चिनी बाप कोणी केला? जे. कॅरल नॅश यांनी. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले, आयरिश वंशाचे.

हे दृश्य जरा डोळ्यांसमोर आणा. सेटवर एक खरा चिनी वंशाचा नट आहे आणि एक मेकअप केलेला. मेकअप केलेल्याच्या नावावर मालिका आहे. खरा त्याला 'पप्पा' म्हणतोय.

ही काही एकट्या मालिकेची चूक नव्हती. सिनेमातला गाजलेला चार्ली चॅन हा स्वीडनमध्ये जन्मलेला वॉर्नर ओलंड होता. त्याच्याही मुलाचं काम खऱ्या चिनी वंशाच्या नटानं, की ल्यूकनं केलं होतं. की ल्यूकला स्वतःला चार्ली चॅन व्हायची संधी मिळाली ती १९७२ मध्ये, एका कार्टून मालिकेत. तिथे फक्त आवाज लागत होता. चेहरा दाखवायचा नसला की चिनी माणूस चालायचा, असा याचा सरळ अर्थ होतो.

'चायनाटाउन'मधले चिनी

आता तो साडेचारशेचा आकडा फोडून बघू. सगळे रोल सांगणं शक्य नाही, पण जे जगाला आठवतात ते घेऊ.

१९७४, रोमन पोलान्स्कीचा 'चायनाटाउन'. सिनेमाच्या शाळांमध्ये पटकथेचा नमुना म्हणून शिकवतात तो. नावातच चिनी वस्ती आहे. वस्ती प्रत्यक्ष दिसते शेवटच्या प्रसंगात आणि तिथे शोकांतिका गोऱ्या माणसांची घडते. मग सिनेमाभर चिनी माणसं काय करतात? बागकाम करतात. घरकाम करतात. आणि जेम्स हाँग दार उघडतो. तो श्रीमंत बाईचा बटलर आहे, नाव कान. १९९० मध्ये या सिनेमाचा पुढचा भाग आला, 'द टू जेक्स'. हाँग त्यातही आहे. तोच कान. सोळा वर्षांनी.

१९८२, 'ब्लेड रनर'. हाँग तिथे थंडीनं गोठलेल्या प्रयोगशाळेत यंत्रमानवांसाठी डोळे बनवतो. एकच मोठा प्रसंग. पण ज्यानं तो सिनेमा पाहिलाय त्याला तो कुडकुडणारा, घाबरलेला म्हातारा कारागीर हमखास आठवतो. ज्याच्यासारखे डोळे दिसावेत म्हणून हॉलिवूडनं इतकी वर्षं चिकटपट्ट्या वापरल्या, त्याला मिळालेलं काम हे: दुसऱ्यांसाठी डोळे बनवून देणं.

१९८६, जॉन कार्पेंटरचा 'बिग ट्रबल इन लिटल चायना'. हाँग शेकडो वर्षांचा शापित मांत्रिक लो पॅन. सिनेमा थिएटरात आपटला आणि पुढे व्हिडिओ कॅसेटवर लोकांनी डोक्यावर घेतला. इथे हाँग सुटलाय. कधी खुर्चीतला चिरका थेरडा, कधी सात फुटी भूत. मजा करतोय नुसती. पण प्रकार कुठला? गूढ, दुष्ट, पौर्वात्य जादूगार.

१९९१, 'साइनफेल्ड'मधला चिनी रेस्टॉरंटचा भाग. तीन गोरे मित्र टेबलची वाट बघत उभे आहेत. अख्खा भाग तेवढाच. टेबल काही मिळत नाही. हाँग मॅनेजर आहे. दर थोड्या वेळानं हे विचारणार आणि तो तेच उत्तर देणार, पाच-दहा मिनिटं. त्या एका उत्तराच्या टायमिंगवर संपूर्ण भाग तोललेला आहे. एक मित्र फोनची वाट बघतोय, तर हा त्याचं नाव चुकीचं पुकारतो आणि फोन हातचा जातो. टीव्हीवरच्या विनोदाचा इतिहास लिहिणारे या भागाचा उल्लेख टाळू शकत नाहीत. आणि तो करणारा माणूस त्या मालिकेत परत बोलावला गेला नाही. चिनी रेस्टॉरंटचं काम झालं होतं ना.

बटलर, कारागीर, मांत्रिक, मॅनेजर. यात 'एअरप्लेन!'मधला पोट फाडून घेणारा जपानी सेनाधिकारी टाका, 'मुलान'मधल्या खडूस सल्लागाराचा आवाज टाका, 'कुंग फू पांडा'मधल्या नूडल्सच्या दुकानवाल्या हंसाचा आवाज टाका. प्रत्येक ठिकाणी माणूस उत्तम. प्रत्येक ठिकाणी दुकान, दार, ट्रे, जादू.

'पण तो कॅरेक्टर अ‍ॅक्टरच होता ना?'

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो दुबळा नाही. प्रत्येक नट हिरो होत नसतो. हॉलिवूडमध्ये अशा शेकडो नटांची परंपरा आहे, ज्यांचा चेहरा सगळ्यांना माहीत आणि नाव कोणालाच नाही. आपल्याकडे त्यांना चरित्र अभिनेते म्हणतात. हे काम हिरोगिरीपेक्षा हलकं नाही. दोन मिनिटांत पूर्ण माणूस उभा करायचा असतो. हाँग त्यातला एक. मग रडायचं कशाला?

बरोबर. म्हणून आपण त्याला हिरोंशी तोलूच नये. त्याच्याच पंगतीतल्या माणसाशी तोलू.

हॅरी डीन स्टँटन. जन्म १९२६, म्हणजे हाँगपेक्षा तीन वर्षांनी मोठा. दुसऱ्या महायुद्धात नौदलात होता. त्यानंही टीव्हीवरच्या वेस्टर्न मालिकांतून सुरुवात केली, वर्षानुवर्षं दोन-दोन प्रसंगांची कामं केली. सुरकुतलेला, हडकुळा. १९७९ मध्ये रिडली स्कॉटनं त्याला 'एलियन'मध्ये घेतलं आणि तीनच वर्षांनी त्याच रिडली स्कॉटनं हाँगला 'ब्लेड रनर'मध्ये घेतलं. इथपर्यंत दोघांचं तिकीट एकाच डब्याचं दिसतं.

मग १९८४ मध्ये विम वेंडर्सनं स्टँटनला 'पॅरिस, टेक्सस'मध्ये मुख्य भूमिका दिली. वय अठ्ठावन्नच्या आसपास. सिनेमाला कान महोत्सवातला सर्वोच्च सन्मान मिळाला. त्यानंतरही स्टँटन छोटी कामं करत राहिला, ती त्याला आवडायची. आणि वयाच्या नव्वदीत 'लकी' नावाचा सिनेमा आला, पूर्ण त्याच्यावर बेतलेला. तो २०१७ मध्ये गेला तेव्हा लोक म्हणाले, काय विलक्षण चेहरा होता, अमेरिकेचं सगळं एकटेपण त्या चेहऱ्यावर होतं.

कळीचा मुद्दा इथे आहे. स्टँटनच्या चेहऱ्यावर 'अमेरिकेचं एकटेपण' दिसू शकतं. हाँगच्या चेहऱ्यावर फक्त 'चीन' दिसतो, मिनिआपोलिसमध्ये जन्मून. गोऱ्या चरित्र अभिनेत्याला शेतकरी, शेरीफ, प्रोफेसर, दारुडा, पाद्री, बाप, खुनी, काहीही होता येतं. वॉल्टर ब्रेनन तर सहायक अभिनेत्याची तीन ऑस्कर घेऊन बसला, तीही १९३६ ते १९४० या पाच वर्षांतल्या कामांसाठी. चरित्र अभिनेता म्हणजे ज्याला कुठलंही चरित्र देता येतं तो. हाँगला एकच चरित्र दिलं गेलं आणि साडेचारशे वेळा दिलं गेलं. तेव्हा तो चरित्र अभिनेता होता म्हणून त्याला ही कामं मिळाली, हे उलटं सांगणं झालं. चरित्र अभिनेत्याचाही पूर्ण हक्क त्याला मिळाला नाही, हे खरं.

मुख्य भूमिका त्यानं कधी केलीच नाही असं नाही. १९८९ चा 'द व्हिनयार्ड' नावाचा भयपट आहे. त्यात तो केंद्रस्थानी आहे, कारण सिनेमा लिहिण्यात तो होता आणि दिग्दर्शनातही तोच होता. टेबल मिळत नाही म्हटल्यावर माणसानं स्वतः हॉटेल काढावं, तसं.

'पण मार्केट...'

दुसरा आक्षेप नेहमीचा. धंदा आहे, साहेब. प्रेक्षकांना आशियाई हिरो चालला नसता.

कोणी विचारलं होतं प्रेक्षकांना? १९१५ मध्ये, म्हणजे सिनेमा मुका होता तेव्हा, 'द चीट' या सिनेमानं सेसू हायाकावा नावाच्या जपानी नटाला हॉलिवूडचा स्टार केलं. गोऱ्या बायका त्याच्यावर फिदा होत्या. म्हणजे प्रेक्षकांना चालत होता. न चालणं नंतर शिकवलं गेलं. तिसच्या दशकात हॉलिवूडनं स्वतःवर नीतिनियमांची संहिता लादून घेतली. वेगळ्या वंशाच्या स्त्री-पुरुषांचं प्रेम पडद्यावर दाखवायचं नाही, हे त्यातलं एक कलम. एकदा गोरा हिरो ठरला की त्याची बायको चिनी असू शकत नाही, भले पात्र चिनी का असेना. 'द गुड अर्थ'मध्ये हिरो पॉल म्युनी ठरला आणि ॲना मे वाँग या त्या काळच्या सगळ्यात मोठ्या चिनी-अमेरिकन नटीला नायिकेची भूमिका मिळाली नाही. ती जर्मनीत जन्मलेल्या लुइझा रायनरला मिळाली आणि रायनरला त्यासाठी सर्वोत्तम अभिनेत्रीचं ऑस्करही मिळालं.

ते ऑस्कर १९३८ च्या समारंभात दिलं गेलं. सर्वोत्तम अभिनेत्रीचं ऑस्कर मिशेल योला मिळालं २०२३ मध्ये. चिनी बाईची नक्कल आणि आशियाई बाई यांच्यामध्ये पंचाऐंशी वर्षं आहेत. त्याआधी आशियाई रक्ताच्या एका नटीला नामांकन मिळालं होतं, १९३५ च्या 'द डार्क एंजल'साठी. मर्ल ओबेरॉन. जन्म मुंबईचा. पण ते तिनं जन्मभर लपवलं, आपण टास्मानियाच्या म्हणून सांगत राहिली. मुंबईची आहे हे कळलं असतं तर नामांकन सोडा, कामच मिळालं नसतं. मार्केटचा हा नियम आपल्या गावच्या मुलीलाही लागू होता.

१९६१ मध्ये 'ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज'मध्ये मिकी रूनीनं खोटे दात लावून जपानी शेजारी केला. १९७२ मध्ये 'कुंग फू' ही मालिका आली, तिचा नायक अर्धा चिनी शाओलिन साधू. काम केलं डेव्हिड कॅरडीननं. जेम्स हाँग त्याही मालिकेच्या अनेक भागांत आहे, आजूबाजूला. पुढच्याच वर्षी ब्रूस लीचा 'एंटर द ड्रॅगन' आला आणि जगभर धो धो चालला. तरी धडा कोणी घेतला नाही. कारण प्रश्न मार्केटचा नव्हताच, सवयीचा होता. सवयीला मार्केट म्हटलं की तिला जाब विचारता येत नाही, एवढी सोय असते.

स्वस्तात मिळालेला न्याय

आता 'उशिरा का होईना न्याय मिळाला' याकडे येऊ.

मे २०२२ मध्ये हॉलिवूडच्या फुटपाथवर, त्या प्रसिद्ध वॉक ऑफ फेमवर, हाँगच्या नावाचा तारा बसवला गेला. वय त्र्याण्णव. फोटो सुंदर आहेत. पण तो तारा आला कसा? २०२० मध्ये डॅनिअल डे किम या नटानं पुढाकार घेऊन लोकांकडून ऑनलाइन वर्गणी गोळा केली. कारण वॉक ऑफ फेमवर नुसती निवड होऊन भागत नाही, ताऱ्याची फी कोणीतरी भरावी लागते. स्टारची फी सहसा स्टुडिओ भरतो, त्याचा पुढचा सिनेमा विकायचा असतो. त्या वेळी ही रक्कम पन्नास हजार डॉलरच्या वर होती. सत्तर वर्षं ज्या स्टुडिओंचे दरवाजे त्यानं पडद्यावर उघडून दिले, त्यांच्या वाट्याचं हे काम पाच-दहा डॉलर टाकणाऱ्या सामान्य लोकांनी केलं.

न्याय म्हणतात तो हा. वर्गणीचा.

त्याच २०२२ मध्ये अमेरिकन सरकारनं ॲना मे वाँगचा चेहरा पंचवीस सेंटच्या नाण्यावर छापला. ती १९६१ मध्येच गेली होती. की ल्यूकला त्याचा तारा १९९० च्या डिसेंबरात मिळाला, जानेवारीत तो वारला. ही पद्धतच दिसते. माणूस काम करू शकतो तोवर त्याला ट्रे द्यायचा. हात थरथरायला लागले की फुलं द्यायची. फुलं स्वस्त पडतात, कारण त्यानंतर मोठी भूमिका द्यावी लागत नाही.

मला कोणी म्हणेल, हाँग स्वतः तर आनंदी दिसतो. मुलाखतींत हसतो, विनोद करतो, कामाबद्दल कृतज्ञ आहे. तुम्ही कोण त्याच्या वतीनं रागावणारे?

हो, तो कडवट नाही, ही त्याची थोरवी. पण त्याचा मोठेपणा म्हणजे बाकीच्यांची सुटका नाही. आणि तो नुसता हसत बसला नव्हता हेही लक्षात ठेवा. १९६५ मध्ये माको आणि इतर काही जणांसोबत त्यानं लॉस एंजेलिसमध्ये 'ईस्ट वेस्ट प्लेअर्स' ही नाट्यसंस्था उभी केली. चर्चच्या तळघरात पहिला प्रयोग झाला, 'राशोमोन'चा. हेतू साधा होता: आशियाई नटांना राजा, प्रियकर, वकील, वेडा, काहीही होता यावं अशी एक तरी जागा असावी. ती संस्था आजही चालू आहे. त्याच्या साडेचारशे भूमिका सांगणाऱ्या रील्समध्ये ही गोष्ट क्वचित असते. कारण ती सांगितली की प्रश्न पडतो, अशी जागा वेगळी काढावी का लागली? आणि प्रश्न पडला की गळा दाटून येत नाही.

आता माझं

हे सगळं अमेरिकेचं पाप म्हणून लिहून मोकळं होता आलं असतं. पण मला राग आला त्याचं खरं कारण तिकडचं नाही.

कॉलेजात मी एकांकिका बसवायचो. सलग तीन वर्षं. आमच्या टीममध्ये एक मुलगा होता, तालुक्याच्या गावाहून आलेला. सावळा, आडदांड, बोलण्यात गावची लय. स्टेजवर आला की लोक आपोआप त्याच्याकडे बघायचे, इतका जिवंत. पहिल्या वर्षी मी त्याला गडी केला. दुसऱ्या वर्षी हवालदार. तिसऱ्या वर्षी पुन्हा गडी. तो बोलला की हशा यायचा. परीक्षकांनी दोनदा त्याचं नाव घेऊन कौतुक केलं. मला वाटायचं, आपण याला प्लॅटफॉर्म दिला.

तिसऱ्या वर्षी तालमीनंतर चहा पिताना तो म्हणाला, "दादा, एकदा तरी बसून बोलायचा रोल दे की. तीन वर्षं झाली, मी उभाच आहे."

मी हसलो. सगळेच हसले. तोही हसला. मग मी त्याला समजावलं की अरे, तुझा टाइप वेगळा आहे, तू या रोलमध्ये काय खुलतोस! माझ्या डोक्यात तेव्हा एकही वाईट विचार नव्हता. 'द गुड अर्थ'च्या निर्मात्यांच्याही डोक्यात नसणार. सोफ्यावर बसून शुद्ध मराठीत आयुष्यावर बोलणारा तरुण म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ठरावीक चेहरा, ठरावीक उच्चार यायचा, बस. मीही त्याला मार्केट म्हणत होतो. परीक्षकांना चालणार नाही, असं.

त्याचं ते वाक्य विसरून गेलो होतो. हाँगचं भाषण बघितल्यावर काही दिवसांनी 'चायनाटाउन' पुन्हा लावला. बटलर दारात उभा राहिला आणि मला ते वाक्य ऐकू आलं.

लक्ष्मीकांत बेर्डे 'मैंने प्यार किया' आणि 'हम आपके हैं कौन'मध्ये नोकर झाले, याचं आपल्याला आजही वाईट वाटतं. 'धूमधडाका' आणि 'अशी ही बनवाबनवी'च्या नायकाला हिंदीनं ट्रे दिला, म्हणून आपण हळहळतो. हळहळायलाच हवं. पण मराठी नाटक-सिनेमात गावाकडची बोली कोणाच्या तोंडी असते आणि ती ऐकून हशा का येतो, हे आपण विचारत नाही. २०१४ मध्ये मणिपूरच्या मेरी कोमची भूमिका प्रियांका चोप्रानं केली, तेव्हा आपण तिच्या मेहनतीचं कौतुक केलं, दंडाचे स्नायू बघितले. मणिपुरी मुलगी का नाही, असं काहींनी विचारलं तर उत्तर तयार होतं. मार्केट.

आम्हाला उभं ठेवलं की अन्याय, आम्ही उभं ठेवलं की कास्टिंग.

मग करायचं काय

मी हाँगचे सिनेमे बघू नका असं म्हणत नाही. उलट बघा. 'साइनफेल्ड'चा तो भाग आज रात्रीच बघा. पण त्या तीन मित्रांऐवजी मॅनेजरकडे बघत. 'कुंग फू पांडा' लहानपणी हिंदीत पाहिला असेल तर आता एकदा इंग्रजीत लावा, कारण हिंदीत तर त्याचा आवाजही आपल्यापर्यंत आलेला नाही. गॉडझिलाच्या जपान्यांना उसना आवाज देणाऱ्याचा स्वतःचा आवाज आपल्याकडे येताना डबिंगमध्ये गेला. ऐका तो. एक हंस आपल्या दत्तक पांडावर किती जीव लावतो ते त्या आवाजात आहे.

मात्र 'लेजंड' लिहून पुढे पाठवू नका. पाठवायचंच असेल तर सोबत विचारा की याच्या वयाच्या, याच्याइतक्याच चांगल्या गोऱ्या नटाला काय काय मिळालं. मग तोच प्रश्न तुम्ही आत्ता बघत असलेल्या मराठी वेबसिरीजला विचारा. तुमच्या ग्रुपच्या एकांकिकेला विचारा. कोण बसलंय, कोण उभंय, आणि ते कोणी ठरवलं?

'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर'मध्ये हाँग गाँग गाँग आहे, नायिकेचा बाप. हट्टी, दुखावणारा, दुखावलेला आजोबा. कोणाचा बटलर नाही, कोणाला टेबल देत नाही. त्या सिनेमाला सात ऑस्कर मिळाली, जगभरात त्यानं दहा कोटी डॉलरहून जास्त कमावले. म्हणजे मार्केटचंही उत्तर मिळालं. त्या भूमिकेत तो व्हीलचेअरमध्ये आहे.

नव्वदी ओलांडल्यावर बसायला मिळालं.

माझ्या त्या मित्राचा नंबर आहे माझ्याकडे. तो आता नाटक करत नाही. मागच्या महिन्यात मी त्याला फोन केला, माफी वगैरे मागायचं डोक्यात होतं. तो म्हणाला, "सोड रे दादा, मजा आली होती तेव्हा." त्याचा मोठेपणा. माझी सुटका नाही.